जाळावर चालणारा फ्रिज

(दोंडाईचा येथील एका फ्रिज-तंत्रज्ञांनी आकाशवाणीवर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



खाली गॅसची ज्योत पेटलेली आणि वरच्या पेटीत दूध गार. असं सांगितलं की आमच्या दोंडाईच्याच्या बाजारात पहिला प्रश्न येतो, "भाऊ, हाई काय शे?" दुसरा येतो तो थट्टेचा, "मग बर्फ लावला तर चहा उकळेल का?" मी दोंडाईच्यात फ्रिजदुरुस्तीचं काम करतो. घरोघरचे नेहमीचे फ्रिज तर येतातच, पण अलीकडे वर्षाकाठी चार-सहा तरी अशा पेट्या माझ्या टेबलावर येतात, ज्या गॅसवरही चालतात आणि विजेवरही. आणणारा बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, "गार करत नाही, आतला गॅस संपला वाटतं." त्यातल्या निम्म्याहून अधिक पेट्यांत बिघाड नसतोच. पेटी चांगली असते, तिला ठेवलेलं चुकीच्या जागी असतं.

ही पेटी आपल्याकडच्या दुकानात सहसा मिळत नाही. मुलगा ऑस्ट्रेलियात किंवा युरोपात असतो, तो परत येताना घरसामानाबरोबर घेऊन येतो. तिकडे लोक तंबू घेऊन रानात राहायला जातात, त्यासाठी ही बनवलेली. आकार मोठ्या आईस बॉक्सएवढा, तीस-चाळीस लिटरचा. तीन तऱ्हांनी चालते : गॅसवर, घरच्या २३० व्होल्टवर आणि गाडीच्या १२ व्होल्टवर.

आपल्याकडे तंबू ठोकून राहायला कोण जातं, असं कोणी म्हणेल. मला वाटतं, खान्देशाइतकं उघड्यावर मुक्काम करणारं दुसरं कोणी नसेल. चैत्रात सप्तशृंग गडाच्या पदयात्रा निघतात, सोबत सामानाचा टेम्पो असतो. मार्गशीर्षात दत्तजयंतीला इथून जवळच तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांचे व्यापारी राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातून येतात आणि दिवसेंदिवस राहुट्यांत राहतात. शहाद्यावरून तोरणमाळला जाणारी कुटुंबं आहेत. मेंढ्या घेऊन आठ-आठ महिने फिरणारे ठेलारी बांधव आहेत. आणि आता २०२१ पासून राज्याच्या पर्यटन खात्याचं कॅराव्हॅनचं धोरणही आहे. तेव्हा वीज नाही अशा जागी दूध, औषध, भाजी टिकवायची गरज आपल्याला नवी नाही.

आता जाळाने थंडी कशी होते ते पाहू. हे समजलं की पुढचा निम्मा बिघाड तुम्ही स्वतःच ओळखाल.

माठ घ्या. माठातलं पाणी बाहेर पाझरतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. म्हणून पाणी गार. या पेटीत पाण्याच्या जागी अमोनिया आहे. अमोनिया फार कमी तापमानाला उकळतो, त्यामुळे तो थेट थंडीच तयार करतो. पण एकदा त्याची वाफ झाली की ती परत गोळा करायला हवी, नाहीतर खेळ एका फेरीत संपेल. घरच्या फ्रिजमध्ये हे काम कॉम्प्रेसर करतो, तोच तो घुर्र आवाज. या पेटीत कॉम्प्रेसर नाही. इथे ते काम पाणी करतं. पाण्याला अमोनियाची विलक्षण ओढ आहे, ते त्याची वाफ शोषून घेतं. मग हे अमोनिया मिसळलेलं पाणी खाली एका नळीत येतं, तिथे ज्योत किंवा विजेचा हीटर असतो. उष्णता लागली की अमोनिया पाण्यातून सुटतो, बुडबुड्यांबरोबर वर चढतो, मागच्या जाळीत थंड होऊन पुन्हा द्रव होतो आणि आत येऊन पुन्हा वाफ होतो. आत थोडा हायड्रोजनही भरलेला असतो, त्यामुळे अमोनियाला कमी दाबात वाफ होणं सोपं जातं. एवढंच. फिरणारा भाग एकही नाही, आवाज नाही, तेल घालायचं नाही.

फ्रान्सच्या फर्डिनांड कारे याने अमोनिया आणि पाण्याचं यंत्र १८५९ मध्ये केलं, पण त्याला पंप लागत असे. पंपाशिवाय चालणारी रचना १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी केली, बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स. इलेक्ट्रोलक्स कंपनीने १९२५ मध्ये ती घेतली आणि जगभर पोचवली. आपल्याकडेही वीज येण्याआधी साहेबांच्या बंगल्यांत, मिशनच्या दवाखान्यांत रॉकेलच्या बत्तीवर चालणारे फ्रिज होते, ते याच कुळातले. वयस्कर श्रोत्यांपैकी कोणी पाहिलेही असतील. खुद्द आइन्स्टाइनने लिओ झिलार्डबरोबर असाच पंपाविना फ्रिज काढून १९३० मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळवलं होतं. तो बाजारात आला नाही, हा भाग वेगळा. एवढा मोठा माणूसही स्वयंपाकघरातल्या कपाटाचा विचार करत बसला होता, याची मला नेहमी गंमत वाटते.

बरं, आता खान्देशचा प्रश्न. इथे जरा सावकाश ऐका, कारण सगळं मर्म यात आहे.

घरच्या फ्रिजला तुम्ही सांगता की आत पाच अंश ठेव, आणि तो जमेल तसा ठेवतो. ही पेटी तसं करत नाही. ती वजाबाकी करते. बाहेर जेवढं तापमान आहे त्यातून पंचवीस ते तीस अंश कमी करणं, एवढीच तिची ताकद. युरोपात बाहेर पंचवीस अंश असतात, तिथे आत बर्फ होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ वर जातो. ४४ मधून २५ गेले, राहिले १९. पेटी उत्तम असली आणि सगळं जमून आलं तर १४. त्यात दर अर्ध्या तासाला कोणी झाकण उघडून ताकाची पिशवी काढत असेल तर तेही नाही. शिवाय मागची जाळी जितक्या गरम हवेत उभी, तितकं तिचं काम मंदावतं. म्हणजे वजाबाकीचा आकडाही उन्हाळ्यात कमी होतो.

आता हीच पेटी बंद गाडीच्या डिकीत ठेवा. उन्हात उभ्या गाडीत आत ५५ अंश सहज होतात. ५५ मधून २७ वजा केले तर २८ राहिले. आणि आपला माठ? मेच्या दुपारी बाहेर ४३ अंश आणि हवेत पंधराएक टक्केच ओलावा असेल, तर ओलं फडकं २३ अंशांच्या आसपास उतरतं. सावलीत, वाऱ्याला ठेवलेल्या माठातलं पाणी २६-२८ अंशांवर असतं. म्हणजे कुंभाराकडून आणलेला माठ आणि साता समुद्रापलीकडून आणलेली पेटी, दोघांची बरोबरी झाली. माठाला गॅसही लागत नाही.

उलट जुलैत पहा. हवा ओली, माठ काम करत नाही. बाहेर ३२ अंश. पेटी आत पाच-सहा अंश सहज देईल. आणि डिसेंबरात सारंगखेड्याला तापीच्या काठावर रात्री पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा हीच पेटी आतल्या वस्तू गोठवून टाकते. तीच पेटी, तीच ज्योत. मे महिन्यात "गार करत नाही" म्हणून आलेली पेटी डिसेंबरात "दुधाचा बर्फ करते" म्हणून परत येते आणि दोन्ही वेळा तिच्यात काहीही बिघाड नसतो.

मग उन्हाळ्यात काय करायचं? वजाबाकी वाढवता येत नाही, पण ज्यातून वजा करायचं तो आकडा कमी करता येतो. पेटी निंबाखाली किंवा भिंतीच्या उत्तरेला ठेवा. ऊन फिरतं, तेव्हा दुपारी तीन वाजता ती जागा सावलीत आहे का हे सकाळीच पहा. भोवती ओल्या गोणपाटाचा आडोसा करा, पण पेटीच्या अंगाला लावू नका. मागच्या जाळीला वीतभर मोकळी जागा हवी, तिथून गरम हवा वर निघून गेली पाहिजे. कित्येक जण टेम्पोत पेटी गाद्यांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवतात. ती पेटी मग स्वतःच्याच गरम हवेत शिजत राहते.

घरी किंवा मळ्यात वीज असेल तर एक सोपी युक्ती. खान्देशात घरोघरी कुलर असतो. कुलरच्या हवेचा झोत येतो तिथे पेटी विजेवर लावा. तिथली हवा ३० अंशांची झाली की आत पाच अंश मिळतात. पण हे फक्त विजेवर. गॅसवर लावून असं करू नका. झोताने ज्योत विझेल हे एक, आणि घरात ती पेटवायचीच नाही हे दुसरं. त्यावर पुढे बोलतो.

पेटी लगेच गार होत नाही. पहिला तासभर तर हात लावून काही कळतही नाही. सहा-आठ तास लागतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी घरच्या विजेवर लावा, रात्रीच्या गारव्यात तिला काम करू द्या. सामान घरच्या फ्रिजमध्ये आधी गार करून मगच आत ठेवा, आणि दोन बाटल्या पाण्याचा घट्ट बर्फ करून तळाशी ठेवा. दुपारच्या चार कठीण तासांत पेटीला सांभाळायचं काम त्या बाटल्या करतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर लस पोचवणाऱ्या आरोग्य सेविका हेच तर करतात. त्यांच्या खांद्यावरच्या डब्यात यंत्र नसतं, जाड भिंती आणि चार बर्फाच्या पट्ट्या असतात, आणि त्यावर लस दिवसभर टिकते. भिंत जाड आणि झाकण बंद, एवढ्यावर पुष्कळ भागतं.

आता दुसरी मुख्य गोष्ट, सपाटी. आत पंप नाही म्हटलं ना, मग पाणी आणि अमोनिया वाहतात ते फक्त उतारावर, स्वतःच्या वजनाने. पेटी दोन-तीन अंशांहून जास्त कलली की एखाद्या वळणात पाणी साचतं आणि फिरणं थांबतं. खाली ज्योत तर जळत असतेच. मग ती नळी कोरडी तापते, आणि असं वारंवार झालं तर आत घट्ट गाळ बसून यंत्र कायमचं बंद पडतं. सारंगखेड्याच्या यात्रेतून आलेली एक पेटी अशीच होती. नदीकाठचा उतार, त्यावर राहुटी, राहुटीत पेटी तीन दिवस. मालक म्हणाले, "नाना, माणूस झोपला तर घरंगळत नाही, मग पेटीला काय झालं?" त्यांना मी गवंड्याची पाणसळ पेटीवर ठेवून दाखवली. पाणसळ नसेल तर ताटलीत थोडं पाणी घेऊन पेटीत ठेवा, कडेला सारखं दिसलं पाहिजे. लागेल तिथे खाली फळीचा तुकडा सारा. गाडी चालू असताना मात्र काळजी नको. हेलकावे दोन्हीकडे बसतात, त्यात पाणी एका जागी साचून राहत नाही. चढावर गाडी लावून जेवायला गेलात तर प्रश्न.

बॅटरीबद्दल बोलतो. ही पेटी गाडीच्या १२ व्होल्टवर साधारण ७५ वॅट घेते, म्हणजे सहा-सात अँपिअर. गाडी चालू असेल तर ठीक. गाडी बंद करून पेटी चालू ठेवलीत तर चाळीस अँपिअर-अवरची बॅटरी चार-पाच तासांत गाडी सुरू न होण्याइतकी उतरते. पदयात्रेच्या टेम्पोला पहाटे धक्का मारणारी मंडळी पाहिली की मी आधी मागे पेटी आहे का ते बघतो. बऱ्याच पेट्यांत १२ व्होल्टवर थर्मोस्टॅटही नसतो, ती सतत चालूच राहते. सोलर पॅनेलवर चालेल का, असं हल्ली सगळे विचारतात. दिवसाचे २४ तास ७५ वॅट म्हणजे १८०० वॅट-अवर होतात. शंभर वॅटचं पॅनेल आपल्या उन्हातही दिवसाला चार-पाचशेच्या आसपास देतं. तेव्हा नाही. सौरऊर्जेवर चालवायचा असेल तर १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसरवाला फ्रिज घ्यावा, तो याच्या तिसऱ्या हिश्श्यात काम करतो आणि ४४ अंशांतही आत पाच ठेवतो. ऊन आपल्याकडे कमी नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ मध्ये १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उगाच उभा राहिला नाही. कोणी मला नवीन काय घेऊ असं विचारलं तर मी हाच सांगतो. गॅसची पेटी घरात आहे, तिला कसं वापरावं, एवढ्यापुरतंच माझं आजचं बोलणं.

गॅसवर मात्र ती काटकसरी आहे. तासाला दहा-बारा ग्रॅम. पाच किलोचा सिलिंडर पंधरा दिवसांच्या वर जातो.

आता बिघाड. पेटी गार करत नसेल तर पहिली परीक्षा अशी : सावलीत, सपाटीवर ठेवा, एकदा विजेवर आठ तास आणि मग एकदा गॅसवर आठ तास चालवून पहा. दोन्ही एकाच वेळी कधीही नको, नळी जादा तापते. विजेवर चालते, गॅसवर नाही, तर दोष बर्नरकडे. गॅसवर चालते, विजेवर नाही, तर दोष हीटर किंवा वायरमध्ये. दोन्हीकडे नाही, तर आतल्या नळ्यांमध्ये. इतक्या सरळपणे दोष सांगणारं दुसरं यंत्र मी पाहिलं नाही.

विजेकडचं आधी सांगतो. हीटर तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. ७५ वॅटचा असेल तर २३० व्होल्टच्या हीटरचा रोध सातशे ओहमच्या आसपास, १२ व्होल्टच्या हीटरचा दोन ओहमच्या आसपास. काहीच दाखवलं नाही तर हीटर तुटला, तो बदलता येतो. अमेरिकेतून आलेली पेटी असेल तर मागची पाटी वाचल्याशिवाय प्लग लावू नका, ती ११० व्होल्टची असू शकते. आपल्याकडचा खरा शत्रू वेगळाच आहे, तो म्हणजे कमी व्होल्टेज. मळ्यात मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १८० वर येतं. दिवा मंद झाला, असं आपण म्हणतो. पण हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १८० व्होल्टला ती ६१ टक्केच उरते. पेटी जळत नाही, बंद पडत नाही, नुसती उबट राहते, आणि मालक ती माझ्याकडे घेऊन येतो. माझ्या दुकानात २३० व्होल्ट असतात, तिथे ती छान चालते! मग मी त्यांना व्होल्टेज मोजायला सांगतो, किंवा रात्री लावायला.

गाडीच्या जोडणीतही असंच होतं. डॅशबोर्डच्या सॉकेटपासून मागच्या टेम्पोपर्यंत बारीक वायर ओढलेली असते. वायर हाताला गरम लागली तर समजा, पेटीची उष्णता वाटेतच खर्च होते आहे. जाड वायर, बॅटरीपासून थेट, मध्ये फ्यूज.

गॅसकडचे दोष जास्त आणि सोपे. खटका दाबून ज्योत लावली, बटण सोडलं की विझते, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. ज्योतीत एक बारीक तांब्याची नळी असते, थर्मोकपल. ती तापली तरच गॅसचा रस्ता उघडा राहतो, ही सुरक्षेची व्यवस्था आहे. म्हणून ज्योत लागल्यावर बटण वीस-तीस सेकंद दाबून धरा. तरी विझत असेल तर थर्मोकपलचं टोक काजळीने माखलंय का, ज्योतीत नीट बसलंय का, मागचा आटा सैल आहे का, हे पहा. बटण कायमचं दाबलेलं राहावं म्हणून त्यात काडी खोचणारे महाभाग मी पाहिले आहेत. वाऱ्याने ज्योत विझली तर त्या काडीमुळे रात्रभर गॅस बाहेर येत राहील. नवा सिलिंडर लावल्यावर नळीत हवा असते, त्यामुळे सुरुवातीला मिनिटभर ज्योत लागत नाही, तो बिघाड नव्हे.

ज्योत निळी हवी, लहान आणि स्थिर. पिवळी, लवलवणारी असेल तर हवा कमी पडतेय किंवा जेटमध्ये कचरा आहे. पावसाळाभर पडून राहिलेल्या पेटीत कोळ्याचं जाळं हमखास असतं. ज्यांनी रॉकेलचा स्टोव्ह वापरला आहे, त्यांचा हात लगेच पिनेकडे जातो. इथे पीन घालू नका. स्टोव्हचं निपल दोन पैशांचं होतं, याचं जेट केसाएवढ्या छिद्राचं असतं. पिनेने ते रुंदावलं तर ज्योत मोठी होते, काजळी धरते आणि थंडी उलट कमी होते. जेट काढून स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा आणि फुंकर मारा. वरच्या धुराड्यात एक पिळाची पत्री पट्टी लोंबत असते. साफ करताना ती काढतात आणि निरुपयोगी म्हणून बाजूला टाकतात. ती परत घातलीच पाहिजे. ज्योतीची उष्णता नळीत थांबवायचं काम तीच करते, तिच्याशिवाय सगळी ऊब आकाशात जाते.

रेग्युलेटरबद्दल एक सांगणं. परदेशी पेटीचा रेग्युलेटर आपल्या सिलिंडरला बसत नाही. मग लोक हलवायाच्या भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर जोडतात. तसं करू नका. आपल्या घरगुती रेग्युलेटरमधून गॅस साधारण ३० मिलिबार दाबाने येतो आणि बऱ्याच पेट्यांना तेवढाच लागतो. काही जुन्या जर्मन पेट्या ५० मिलिबारच्या आहेत, तेव्हा पाटी वाचा. घरच्या स्वयंपाकाचा सिलिंडर प्रवासात नेऊ नका, पाच किलोचा वेगळा मिळतो. जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावा. काडी ओढून गळती तपासणाऱ्यांना काय म्हणावं?

आता आतल्या नळ्या. विजेवर, गॅसवर, कशावरच गार होत नाही, पण खालची नळी चांगली तापते आणि मागची जाळी थंडच, तर आत फिरणं थांबलंय. जुने मिस्त्री अशा वेळी पेटी बंद करून, गार होऊ देऊन, काही तास उलटी ठेवतात. आत डबडब आवाज येतो. मग सरळ करून एक दिवस तशीच उभी ठेवतात आणि नंतर चालू करतात. अडकलेलं पाणी कधी कधी सुटतं. मीही करतो, आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगतो की खात्री नाही. पण मागे पिवळी भुकटी दिसली किंवा नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर तिथे थांबा. नळी फुटली आहे. ती पिवळी भुकटी गंज टाळायला आत घातलेल्या क्रोमेटची असते, ती विषारी आहे, उघड्या हाताने पुसू नका. आणि कोणत्याही गॅरेजमध्ये वेल्डिंग करायला नेऊ नका. आत वीस वातावरणांहून जास्त दाबाने अमोनिया आणि हायड्रोजन भरलेला असतो. त्यावर ज्योत धरणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. ती पेटी संपली. तिचा आईस बॉक्स म्हणून उपयोग करा, भिंती जाडच असतात.

घरात का पेटवायची नाही, ते राहिलं. ज्योत हवेतला प्राणवायू खाते. बंद तंबूत, बंद गाडीत, थंडीमुळे दार लावलेल्या राहुटीत ती नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. आवाज न करणारी ही पेटी उशाशी ठेवून झोपायचा मोह होतो, आणि डिसेंबरात तर फारच. गॅसवर लावलेली पेटी बाहेर, उघड्यावर, रात्रीसुद्धा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खड्ड्यात, राहुटीच्या तळाशी साचतो, म्हणून खोलगट जागाही नको. गाडी चालू असताना गॅस बंद. पेट्रोल पंपावर शिरण्याच्या आधी बंद.

शेवटी औषधाबद्दल, कारण हल्ली पेटी घेऊन येणाऱ्यांत निम्मे जण इन्सुलिनसाठी विचारतात. पदयात्रेत मावशींना मधुमेह आहे, टेम्पोत पेटी आहे, तर सगळं ठीक, असं घरचे धरून चालतात. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे २५-३० अंशांपर्यंत चालतं, नेमका आकडा डब्यातल्या कागदावर असतो, तो औषध दुकानदाराकडून वाचून घ्या. मघाशी केलेली वजाबाकी आठवा. चैत्रात दुपारी ४१ अंश असतील तर पेटीत ११ ते १६. म्हणजे महिन्याचा साठा ठेवायला ही पेटी भरवशाची नाही, पण रोजच्या वापरातलं एक पेन उन्हापासून वाचवायला पुरेशी आहे. त्या एका पेनाला तर सावलीतला ओल्या फडक्याचा माठही वाचवू शकतो. साठा घरी ठेवा, सोबत लागेल तेवढंच न्या.

आणि डिसेंबरात धोका उलटा. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, काम मात्र करत नाही. ते टाकूनच द्यावं लागतं. पेटीच्या भिंतीला किंवा बर्फाच्या बाटलीला टेकवून पेन ठेवू नका, फडक्यात गुंडाळून मध्यभागी, वरच्या बाजूला ठेवा. थंडीच्या रात्री ज्योत सर्वांत लहान करा किंवा सरळ बंद करा. बाजारात वायरवाला छोटा डिजिटल थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो, त्याचं टोक पेटीतल्या पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवा आणि आकडा बाहेरून वाचा. पेल्यात अशासाठी, की झाकण उघडल्याबरोबर हवेचा आकडा उडी मारतो, औषधाचा मारत नाही. लशींच्या बाबतीत तर ही पेटी विचारातच घेऊ नका. मेंढ्यांच्या लशी नेणाऱ्यांनीही बर्फाच्या पट्ट्यांचा डबाच वापरावा. आरोग्य खात्यांनीसुद्धा जगभर रॉकेल-गॅसवरचे फ्रिज मागे टाकून बर्फाच्या अस्तराचे आणि सौर फ्रिज घेतले, ते या लहरी वजाबाकीमुळेच.

हंगाम संपला की पेटी आतून सोडा घातलेल्या पाण्याने पुसा, दोन दिवस झाकण उघडं ठेवून वाळवा, आणि माळ्यावर टाकताना झाकणात लाकडाची चीप अडकवून फट ठेवा, म्हणजे कुबट वास धरत नाही. आडवी ठेवू नका. गॅस येण्याच्या नळीच्या तोंडाला टोपण लावा, धुराड्यावर फडकं बांधा. नाहीतर पावसाळ्यात कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते, आणि दिवाळीनंतर ती पेटी पुन्हा माझ्या टेबलावर येते.